कर्ज लपवू नका

आपल्यापैकी काहींची मुले अमेरिकेचे नागरिक झाली आहेत. तेथे सरकारच्या गोपनीय कामासाठी सुरक्षा-मंजुरी लागते. 2017 च्या नियमावलीतील 13 निकषांत थकलेले कर्जही येते. सीआयएच्या ऑल्ड्रिच एम्सने 1985 मध्ये कर्जापायीच सोव्हिएत संघाला गुपिते विकली होती. पण नोकरी गेल्याने वा आजारपणाने कर्ज थकले आणि प्रामाणिकपणे फेड चालू असेल, तर मंजुरी मिळू शकते. आपण मात्र अब्रूसाठी कर्ज घरातही लपवतो. तीच सवय तेथे घात करते. अर्जात जाणूनबुजून खोटे लिहिणे हा गुन्हाच आहे. म्हणून आम्ही पालकांना सांगतो, मुलांवर रागावू नका, त्यांना बोलते करा. हप्ते बांधून घ्या, पावत्या जपा, खरे लिहा, एवढेच त्यांना सांगा.