आईवडिलांचा कॅन्सर आणि कर्ती मुले

आई किंवा वडिलांच्या कॅन्सरचा रिपोर्ट बहुतेक घरांत आधी कर्त्या मुलाच्या किंवा मुलीच्या हाती पडतो, आणि पहिला प्रश्न असतो तो सांगायचे की नाही हा. मुंबईत परळचे टाटा मेमोरियल हे कॅन्सरचे रुग्णालय १९४१ साली सुरू झाले; आज ‘टाटाला दाखवायचंय’ एवढे कानावर पडले तरी शेजाऱ्यांना उरलेले कळते. म्हणून घरात ‘गाठ आहे’, ‘इन्फेक्शन आहे’ अशी भाषा चालते. या लपवाछपवीचा मोठा भार मुलांवर येतो. फाईल दडवायची, डॉक्टरांना खुणावायचे आणि रडू आले तर बाथरूमचा नळ सोडायचा. गंमत अशी की रुग्णाला अनेकदा सारे उमगलेले असते. मुलांना त्रास नको म्हणून तोही गप्प राहतो. रुग्णाला किती जाणून घ्यायचे आहे, हे आधी त्यालाच विचारावे, असे उपशामक उपचार करणारे डॉक्टर सांगतात.

मृत्यूच्या कितीतरी आधी शोक सुरू होतो. केमोने गळून गेलेल्या वडिलांना आंघोळ घालताना मुलगा अवघडतो, वडील त्याहून अधिक. स्कॅनची तारीख जवळ आली की झोप उडते. रिपोर्ट चांगला आला तरी निर्धास्तपणा पुढच्या तारखेपर्यंतच टिकतो. भावंडांत जुनी उणीदुणी निघतात. जवळ राहणारी मुलगी रजा, पैसे आणि स्वतःची मुले सांभाळत थकते. परदेशातला भाऊ फोनवर ‘दुसरं ओपिनियन घेतलंस का?’ असे विचारतो. त्या प्रश्नामागे बहुधा जवळ नसल्याची टोचणी असते, पण बहिणीला तो आरोपच वाटतो.

‘आपल्यालाही होईल का?’ अशी मुलांना स्वतःच्या शरीराचीही धास्ती वाटू लागते. प्रत्यक्षात साधारण ५ ते १० टक्के कॅन्सरच थेट आनुवंशिक असतात. तंबाखूमुळे झालेला तोंडाचा कॅन्सर जनुकांतून मुलांकडे येत नाही. मात्र आईला किंवा वडिलांना कॅन्सरचा धोका वाढवणारा बीआरसीए जनुकातील दोष असेल, तर तो प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता ५० टक्के असते. अशा वेळी जनुकीय समुपदेशन घेऊन मगच तपासणी करावी.

आई किंवा वडील गेल्यावर ‘सुटले बिचारे’ असे लोक म्हणतात. मुलांनाही सुटल्यासारखे वाटते आणि तसे वाटल्याची लाज त्यांना महिनोन्महिने छळते. दीर्घ शुश्रूषेनंतर असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. त्यात प्रेमाची उणीव नसते.