मित्रांचा लघुपट : सहकाराचा पहिला धडा

(वसमत येथे विद्यार्थी-युवक कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



हळदीच्या काढणीवर जाणाऱ्या मजूर स्त्रियांविषयी येत्या हंगामात पंधरा-वीस मिनिटांचा लघुपट करावा, असा बेत या शिबिरातील काही विद्यार्थ्यांनी केला आहे. त्या बेताविषयी मी बोलावे, अशी संयोजकांची आज्ञा आहे. बेत जाहीर झाल्यापासून आपल्याच कार्यकर्त्यांत दोन मते ऐकू येत आहेत. पहिले मत असे की, महागाई, बेकारी आणि शेतमालाचे भाव हे प्रश्न उभे असताना पोरांनी सिनेमाचा नाद धरावा, हे आपल्या पक्षाला शोभत नाही. दुसरे मत असे की, सिनेमा हे प्रभावी साधन आहे. तेव्हा मुलांनी निवडणुकीपूर्वी पक्षाच्या कामाचाच चित्रपट करून द्यावा, खर्चाची तजवीज आम्ही करू. ही दोन्ही मते मला मान्य नाहीत. का, ते क्रमाने सांगतो.

कलेला चैन समजण्याची आपल्या चळवळीची परंपरा नाही. १९४१ साली स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाने शाखा आणि अभ्यासवर्ग यांच्या जोडीला कलापथक उभे केले. वसंत बापटांसारखे कवी त्यासाठी लिहीत होते आणि निळू फुले त्याच कलापथकातून पुढे आले. लोकनाट्याचा फड घेऊन खेडोपाडी हिंडणारे ते तरुण करमणूक करीत होते आणि विचारही पेरीत होते. डॉ. लोहियांनी फावडे, तुरुंग आणि मतपेटी ही कार्यकर्त्याची तीन साधने मानली. कलापथकाचे काम यांतील फावड्याच्या जातीचे होते. ते जमीन भुसभुशीत करीत असे. आजच्या तरुणाच्या हाती डफाऐवजी कॅमेरा आला असेल, तर त्यात बिघडले कोठे?

दुसरे असे की, सिनेमा हा मुळातच सामुदायिक श्रमाचा व्यवहार आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली भांडवल मिळविण्यासाठी प्रथम जो लहानसा पट तयार केला, तो रोपट्याच्या वाढीचा होता. कुंडीतील वाटाण्याचे बी रुजते, कोंब फुटतो, वेल वर चढतो, एवढेच त्यात होते. रोज थोडे थोडे चित्रण करून त्यांनी कित्येक दिवसांची वाढ काही क्षणांत दाखविली. आपल्या देशातला लघुपटाचा हा एक आरंभ आहे, आणि त्यात ना नट होता ना देखावा. होती ती योजना आणि चिकाटी. पुढे १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. त्यामागे सरस्वतीबाई फाळके यांचे श्रम किती होते, हे आपण विसरतो. त्यांनी आपले दागिने दिले, कच्च्या फिल्मला कडेची भोके पाडण्याचे काम त्या रात्री करीत आणि साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच असे. इतिहासाने जनकाचे नाव लक्षात ठेवले. त्याच्या पाठीशी उभ्या असलेल्या श्रमाचे नाव फार उशिरा घेतले गेले. तुमच्या लघुपटाच्या अखेरीस नावे झळकतील, तेव्हा ही गोष्ट आठवा.

आता साधनांचा विचार करू. फिल्मच्या काळात सोळा मिलिमीटरचे चारशे फुटांचे रीळ अकरा मिनिटांत संपत असे. रीळ विकत घ्यावे लागे, प्रयोगशाळेत धुवावे लागे, चुकलेला प्रत्येक क्षण पैशांत मोजावा लागे. म्हणून कॅमेरा श्रीमंतांच्या, सरकारच्या किंवा संस्थांच्या हाती राहिला. तरीही वाट काढणाऱ्यांनी काढली. १९७४ साली बिहारात विद्यार्थ्यांचे आंदोलन पेटले, जयप्रकाशजींनी त्याचे नेतृत्व स्वीकारले. ४ नोव्हेंबरच्या पाटण्याच्या मोर्चाच्या सुमारास आनंद पटवर्धन हा तरुण मित्राच्या साथीने तेथे चित्रण करीत होता. हाती उसना घेतलेला सुपर आठ मिलिमीटरचा, म्हणजे घरगुती हौसेसाठी असलेला कॅमेरा. ते चित्रण पुढे पडद्यावर दाखवून त्यावरून पुन्हा सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर उतरविले गेले. ‘क्रांती की तरंगें’ हा तो माहितीपट. १९७५ च्या जूनमध्ये आणीबाणी आली आणि तो लपूनछपून दाखवावा लागला. त्याची प्रत तुकड्यातुकड्यांनी देशाबाहेर न्यावी लागली. साधन तोकडे होते, पण काय पाहायचे ते ठरलेले होते.

आज नेमकी उलट स्थिती आहे. तुमच्यापैकी जवळजवळ प्रत्येकाच्या खिशातील मोबाइलमध्ये त्या कॅमेऱ्याहून सरस कॅमेरा आहे. साधनांवरची मक्तेदारी बव्हंशी मोडली. दृष्टीवरची मक्तेदारी मात्र शाबूत आहे. वसमतचा मुलगा कॅमेरा हाती घेतो आणि मुंबईच्या चित्रपटातील चाल, मुंबईच्या चित्रपटातील संवाद यांची अर्ध्या मिनिटाची नक्कल करतो. आपले गाव, आपला मोंढा, आपली बोली ही चित्र काढण्याजोगी आहेत, यावर त्याचा विश्वास नसतो. हा अविश्वास म्हणजेही एक प्रकारची गुलामगिरी आहे, आणि ती कायद्याने संपत नाही.

ती कशी संपते, याची उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये विद्यार्थी असताना उमेश कुलकर्णी यांनी ‘गिरणी’ हा लघुपट केला. वडिलांच्या पश्चात आईने संसारासाठी घरात पिठाची गिरणी घेतली आणि ती एका मुलाच्या बालपणावर कशी स्वार झाली, एवढाच त्याचा विषय. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. करमाळा तालुक्यातील जेऊरचे नागराज मंजुळे अहमदनगरच्या महाविद्यालयात संज्ञापन शिकत होते. त्या काळात त्यांनी ‘पिस्तुल्या’ हा सुमारे पंधरा मिनिटांचा लघुपट केला. शाळेची ओढ असलेला आणि परिस्थितीने चोरीकडे ढकलला जाणारा एका उपेक्षित समाजातील मुलगा त्यात आहे. दिग्दर्शकाच्या पहिल्या लघुपटासाठीचा २०१० सालचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला लाभला. त्यातील सूरज पवार हा मुलगा पुढे ‘फँड्री’ आणि ‘सैराट’मध्येही दिसला. या दोघांनी विषय दुरून आणला नाही. जे रोज पायाखाली येत होते त्याच्याकडे त्यांनी थांबून पाहिले.

तुमच्याही पायाखाली एक विषय आहे. पूर्णा प्रकल्पाच्या पाण्यावर या तालुक्यात ऊस आणि हळद उभी राहिली. २०२४ साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, ही अभिमानाची गोष्ट आहे. मानांकन हळदीला मिळाले. ती वेचणाऱ्या हातांची नोंद कोठे आहे? ही नोंद करणे, हे तुमच्या लघुपटाचे काम.

त्यासाठी नियोजन लागेल, आणि ते कागदावर लागेल. हळद साधारण नऊ महिन्यांचे पीक. पाला कापणे, गड्डे खणणे, माती झाडून जेठे गड्डे आणि हळकुंडे वेगवेगळी करणे, शिजविणे, दहा-पंधरा दिवस उन्हात वाळविणे, ढोलात घालून पॉलिश करणे आणि मग मोंढ्यात नेणे, असा हा क्रम आहे. तो तुमच्या सोयीने थांबणार नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीचे जे दिवस हुकतील, ते थेट पुढच्या वर्षी मिळतील. म्हणून आधी महिनाभर कॅमेरा घरी ठेवा आणि आखाड्यावर नुसते जाऊन बसा. कोण केव्हा येते, गुत्ते कोणी घेतले आहे, मजुरी कोणाच्या हातावर पडते, तान्हे मूल कोठे झोपविले जाते, हे वहीत लिहा. त्या वहीतून पटकथा निघेल. पटकथेवरून दृश्यांची यादी करा. एका जागची दृश्ये एका दिवशी घ्या. दुपारच्या उन्हात चेहऱ्यावर काळ्या सावल्या पडतात, म्हणून सकाळ आणि दिवस कलतानाचा उजेड हाती धरा. पॉलिशच्या ढोलाच्या आवाजात बोलणे ऐकू येणार नाही. ते संध्याकाळी निवांत, वेगळे मुद्रित करा. नवशिक्यांचे लघुपट चित्रापेक्षा आवाजात अधिक फसतात.

यात एक गोष्ट मी विशेष आग्रहाने सांगतो. चित्रीकरणात ‘पुन्हा एकदा’ हा शब्द सहज तोंडी येतो. टोपले उचलण्याचे दृश्य नीट आले नाही, पुन्हा उचला. चालणे नीट आले नाही, पुन्हा चाला. नटाला तो सराव असतो. दिवसभर वाकून कंबर मोडलेल्या बाईला ती फुकटची वेठ असते. तेव्हा तिचे काम चालू असेल तसे टिपा. तिला दुसऱ्यांदा टोपले उचलायला लावाल, तर त्या वेळेची मजुरी द्या. ती मालकासमोर जे बोलेल आणि घरच्या ओसरीवर जे बोलेल, त्यांत अंतर असेल. चित्रपटात दिसलेल्या तिच्या एका वाक्याने उद्याचा रोज बुडू शकतो. म्हणून चित्रण तिला दाखवा, आणि ‘हे काढून टाका’ असे ती म्हणाली, तर वाद न घालता काढून टाका. शोषणाविरुद्धचा लघुपट शोषण करून तयार झाला, तर तो कितीही देखणा असो, आपल्या कामाचा नाही.

हाच न्याय तुमच्या आपसांतील व्यवहारालाही लागू आहे. मित्रांचा संघ म्हटला की सारे समान, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात ज्याचा मोबाइल महाग तो दिग्दर्शक होतो, ज्याची मोटारसायकल तो व्यवस्थापक होतो, मुलींच्या वाट्याला कपडे, वेणीफणी आणि चहा येतो, आणि ज्या वस्तीवर चित्रीकरण आहे तेथला मुलगा सामान उचलतो. हे टाळायचे असेल तर कामे पहिल्या दिवशी ठरवा आणि शक्य तेथे पाळी लावा. कॅमेरा मुलींच्याही हाती असला पाहिजे. स्त्रियांच्या श्रमावरील चित्रपटात तर तो प्राधान्याने त्यांच्याच हाती असावा, कारण आखाड्यावरच्या बाया त्यांच्याशी मोकळेपणाने बोलतील. दिग्दर्शकाचा शब्द चित्रीकरणाच्या जागी अखेरचा असू द्या, नाहीतर सूर्य मावळेल आणि चर्चा उरेल. परंतु विषय, पटकथा आणि संकलन यांवर रोज रात्री सर्वांनी बसून बोलावे. खर्चाचा हिशेब भिंतीवर लावावा. लोकशाही समाजवाद तो हाच. फक्त इथे तो आठ-दहा जणांत करून पाहायचा आहे.

आता पैशांविषयी. १९७६ साली श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभा केला. त्याची पटकथा विजय तेंडुलकरांची आणि त्यात सेवा दलातून आलेली स्मिता पाटील. त्याच वर्षी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या तरुणांनी ‘युक्त’ ही सहकारी संस्था करून ‘घाशीराम कोतवाल’ पडद्यावर आणला. केरळात जॉन अब्राहम आणि त्यांच्या मित्रांच्या ‘ओडेसा’ या समूहाने गावोगाव चॅप्लिनचा ‘द किड’ दाखवून लोकांकडून वर्गणी गोळा केली आणि त्यातून १९८६ चा ‘अम्मा अरियान’ झाला. तुमचा खर्च यांच्या तुलनेत नगण्य आहे. तो दहा-दहा रुपयांनी जमवा. एका माणसाचा पैसा आला की त्याच्यामागून त्याचा फोटो येतो, आणि हे आपल्या पक्षातील पुढाऱ्यांनाही लागू आहे.

येथे मी दुसऱ्या मताकडे येतो. पक्षाच्या कामाचा चित्रपट करून देण्यात गैर काही नाही. ते प्रचाराचे काम आहे, आणि ते पक्षाने आपल्या पैशाने, आपल्या नावावर करावे. विद्यार्थ्यांच्या लघुपटाला ते जुंपू नये. प्रचारपटाला उत्तर आधीच ठाऊक असते. विद्यार्थ्याने प्रश्न घेऊन निघावे आणि जे दिसेल ते मांडावे. उद्या हळदीच्या शेतात त्यांना असेही दिसेल की, ज्याच्या आखाड्यावर बायांना कमी रोज मिळतो, तो आपल्याच सभेला सतरंजी देणारा कार्यकर्ता आहे. मग काय करायचे? ते दृश्य कापा, असे आपण सांगणार असू, तर या मुलांना समाजवाद शिकविण्याचा अधिकार आपण गमावला. ते दृश्य राहिले पाहिजे, आणि त्या कार्यकर्त्याशी आपण बोलले पाहिजे.

या गावातील महाविद्यालयाला हुतात्मा बहिर्जी शिंदे यांचे नाव आहे. याच तालुक्यातील वापटीच्या या तरुणाने हैदराबाद मुक्तिसंग्रामात प्राण दिले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली. ज्या भूमीने बोलण्याच्या हक्कासाठी एवढी किंमत मोजली, तेथे विद्यार्थ्याने काय दाखवावे, हे कोणा पुढाऱ्याने ठरवू नये.

लघुपट पुरा झाल्यावर तो प्रथम कोठे दाखवायचा, हेही आजच ठरवा. महाविद्यालयाचे सभागृह, स्पर्धा, महोत्सव हे सारे नंतर. पहिला खेळ मजुरांच्या वस्तीवर, रात्रीची जेवणे आटोपल्यावर, पांढऱ्या चादरीवर व्हावा. ज्यांचे चित्र आहे त्या बाया पुढच्या रांगेत बसतील. त्या कोठे हसल्या, कोठे गप्प झाल्या, कोठे ‘हे असं नसतंय’ म्हणाल्या, ते टिपून घ्या आणि त्यानुसार संकलन पुन्हा करा. त्या रात्री मजुरीचा विषय निघाला, तर तो निघू द्या. आपल्या पक्षाचे काम तेथून सुरू होईल. तोपर्यंत आपण कार्यकर्त्यांनी चादर बांधावी, विजेची सोय करावी आणि मागच्या रांगेत बसून ऐकावे.