रस्त्याखालच्या भिंतीचे वय
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



रस्ता खणताना जुनी दगडी भिंत लागली, की बघ्यांचा पहिला प्रश्न असतो, "किती वर्षांची असेल हो?" आणि सगळे पाहतात दगडाकडे. पण दगड डोंगराच्या वयाचा! भिंतीचे वय सांगते ती तिच्या पायाखालची माती.

लंडनचे उदाहरण घेऊ. त्या शहराला नदीच्या बाजूनेही पूर्वी तट होता व तो थेम्सने ढासळवला, असे बाराव्या शतकात फिट्झस्टीफन याने लिहून ठेवले. 1841 साली थेम्स स्ट्रीटखाली गटार खणताना चार्ल्स रोच स्मिथ यांनी एक भक्कम भिंत पाहिली. तरीही तो तटच होता, हे पुढच्या कित्येक विद्वानांना पटेना.

1974 ते 1976 या काळात त्याच भागात रीतसर उत्खनन झाले आणि तट सापडला. त्याच्या काही भागाच्या पायात ओक लाकडाचे खुंट ठोकलेले होते. ओल्या मातीमुळे ते टिकले होते. झाडाच्या खोडात दर वर्षी एक कडे वाढते. चांगल्या वर्षी रुंद, वाईट वर्षी अरुंद. ही कडी जुळवून झाड केव्हा तोडले ते काढता येते. बाहेरची कडी झिजलेली असली, तर मात्र नेमके वर्ष न मिळता अंदाज मिळतो. त्यावरून हा तट इ. स. 255 ते 275 च्या सुमाराचा ठरला.

याच तटात देवदेवतांच्या मूर्ती कोरलेले, दुसऱ्या इमारतींचे दगडही निघाले. ते तटाहून जुने. भगिनींनो, यात आपल्याला नवल वाटू नये. गोधडीत आजीच्या लुगड्याचा तुकडा असला, म्हणून गोधडी काही आजीच्या काळची ठरत नाही. तिच्यातला सर्वांत नवा तुकडा ज्या वर्षीचा, त्यानंतरच ती शिवलेली असणार. भिंतीच्या पायाखाली सापडलेल्या नाण्याचा न्यायही हाच: नाणे आधीचे, भिंत नंतरची.

म्हणून एवढेच मागणे आहे. आपल्या गावात खणताना भिंत लागली, तर नाणे, खापर वा लाकूड उचलून घरी आणू नका, मुलांनाही आणू देऊ नका. जागचे हलले की त्याची साक्ष संपली. काम थांबवायला सांगा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. दगड पुन्हा रचता येतात. उपसलेल्या मातीचे थर पुन्हा लावता येत नाहीत.