शु, हा, री
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



येत्या जूनपासून मंडळाच्या सभागृहात मुलींसाठी कराटेचा वर्ग निघायचा आहे. तेव्हापासून ज्या आया भेटतात त्यांचा प्रश्न एकच, “काळा पट्टा किती महिन्यांत मिळतो हो?” माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, पण वाचनालयातून आणून जे वाचले, त्यावरून चार शब्द बोलते.

कराटे मूळचे ओकिनावा बेटाचे. आज ते बेट जपानात आहे. परंतु १८७९ पर्यंत तेथे र्‍यूक्यूचे वेगळे राज्य होते. १३७२ पासून हे राज्य चीनच्या बादशहाला नजराणा पाठवी. पुढे चिनी कुटुंबे कुमे गावी येऊन राहिली आणि मालाबरोबर विद्याही उतरली. म्हणून कराटे हा शब्द पूर्वी ‘चिनी हात’ अशा अर्थाच्या अक्षरांनी लिहीत. १९३६ साली नाहा शहरी गुरुजनांची बैठक होऊन ‘रिकामा हात’ असे लिहिण्याचे ठरले. उच्चार तोच. गंमत अशी, की चिनी बौद्ध ग्रंथांत आपल्या ‘शून्य’ शब्दाला हेच ‘रिकामे’ अक्षर योजतात.

तेथे शिकण्याच्या तीन पायऱ्या मानतात. शु म्हणजे जपणे : गुरू दाखवील तसेच, तसूभर फरक न करता. हा म्हणजे मोडणे : का, कशासाठी, हे उमगल्यावर आपल्या अंगाला बसेल तसे बदलणे. री म्हणजे सोडणे. शब्द जपानी, पण विचार मला तरी दोन जुन्या चिनी पुरुषांकडे पोचलेला दिसतो.

एक कन्फ्यूशियस. पंधराव्या वर्षी मन विद्येकडे लागले येथून सुरुवात करून तो सत्तरीपर्यंत येतो. तेव्हा मनाला येईल तसे वागले तरी मर्यादा ओलांडली जात नाही, असे सांगतो. चाळिशीत म्हणे त्याच्या शंका फिटल्या. आमच्या तर तेव्हा सुरू होतात! दुसरा च्वांगत्झू. त्याच्या गोष्टीतला आचारी बैल कापतो. कानाला बरे लागणार नाही, पण गोष्ट तशी आहे. प्रथम त्याला अख्खा बैल दिसे, तीन वर्षांनी सांधे दिसू लागले, आणि पुढे डोळ्यांचे कामच उरले नाही. एकोणीस वर्षे एकच सुरी, धार तशीच.

मियागी चोजुन हे ओकिनावाचे नामांकित गुरू १९५३ साली वारले. ते ‘सांचिन’ नावाच्या एकाच क्रमावर फार भर देत, आणि पट्ट्यांचे दर्जे त्यांनी शिष्यांना दिले नाहीत. काळे पट्टे कराटेत आले ते १९२४ साली, टोकियोत, ज्यूदोच्या पद्धतीवरून.

आता जे बोलते ते काहींना रुचणार नाही. आपल्या मुलींना आपण ‘शु’ पुष्कळ शिकवतो. सासरचे पुरण सासरच्या मापाने, हे ठीक. पण पुढे डाळ पाहून हात बदलला तर घरात बोलणी बसतात. मुलगी दहा वर्षे जपतच राहिली तर तिला आपण गुणी म्हणतो. ओकिनावाचा गुरू म्हणेल, अजून पहिल्याच पायरीवर आहे. उलट, सहा महिन्यांत पट्टा हवा म्हणणाऱ्या आईला पहिली पायरीही नको असते.

म्हणून पहिले वर्षभर परीक्षा व तिची फी ठेवू नये, आणि दुसऱ्या वर्षापासून मुलींच्या ‘का’ला वर्गात वेळ द्यावा, अशी माझी सूचना आहे. शिक्षकांशी बोलणे व्हायचे आहे. ज्यांना बरोबर यायचे असेल त्यांनी चहानंतर मला सांगावे.