आधी सभागृह



स्वागताध्यक्ष निवडताना आपल्याकडे माणसाच्या विद्वत्तेपेक्षा त्याच्या खिशाकडे बघण्याची पद्धत आहे. मी दोन्ही बाबतींत बेताचीच, त्यामुळे समितीने मला स्वागताध्यक्ष केलं आणि माझ्याकडे सभागृहाचं काम दिलं. पडदा, खुर्च्या, प्रोजेक्टर, पार्किंग, चहा. हे काम कमी प्रतीचं समजलं जातं. पण कृष्णवर्णीय चित्रपटांच्या या महोत्सवासाठी वाचन करू लागले तेव्हा लक्षात आलं, की शिकागोतल्या कृष्णवर्णीय सिनेमाचा इतिहास हा निम्म्याहून अधिक सभागृह मिळवण्याचाच इतिहास आहे. चित्रपट काढणारे होते, बघणारे तर हजारोंनी होते. अडायचं ते मधल्या दारापाशी.

स्वागताध्यक्षाने नगरीचं माहात्म्य सांगायचं असतं. आपण शिकागोकर मंडळी पाहुण्यांना विवेकानंदांचं १८९३चं भाषण सांगतो, सिअर्स टॉवर दाखवतो, तळ्याकाठी फोटो काढतो आणि विमानतळावर सोडून येतो. मी आज एका रस्त्याबद्दल बोलणार आहे. स्टेट स्ट्रीट. त्याचा उत्तरेकडचा, दुकानांच्या झगमगाटाचा भाग तुम्ही पाहिला असेल. त्याच रस्त्याने दक्षिणेला गेलं, की शंभर वर्षांपूर्वी ‘द स्ट्रोल’ नावाने ओळखला जाणारा भाग लागायचा. नाटकगृहं, नाचघरं, चित्रपटगृहं, बँका, वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या. दक्षिणेकडची राज्यं सोडून आगगाडीने आलेली कृष्णवर्णीय कुटुंबं संध्याकाळी तिथे फिरायला येत.

विल्यम फॉस्टर तिथलाच. पेकिन नावाच्या नाटकगृहाचं व्यवस्थापन बघायचा, टोपणनावाने ‘शिकागो डिफेंडर’ या वर्तमानपत्रात लिहायचा. दादासाहेब फाळके विम्याची पॉलिसी गहाण टाकून ‘राजा हरिश्चंद्र’ पुरा करत होते, साधारण त्याच सुमारास फॉस्टरने स्वतःची कंपनी काढून ‘द रेलरोड पोर्टर’ नावाचा छोटा विनोदी चित्रपट केला. कलाकार कृष्णवर्णीय, निर्माता कृष्णवर्णीय. पुढे पैशाअभावी कंपनी चालली नाही. फाळक्यांच्या नावाने भारत सरकारचा सर्वोच्च चित्रपट पुरस्कार आहे. फॉस्टरचं नाव माहीत असलेला माणूस त्याच्या स्वतःच्या शहरातही शोधावा लागतो.

मग येतो ऑस्कर मिशो. या माणसावर मी तासभर बोलू शकते, पण समितीने घड्याळ समोरच ठेवलं आहे. याच इलिनॉय राज्यात १८८४मध्ये जन्मलेला, रेल्वेच्या पुलमन डब्यांत पोर्टर म्हणून राबलेला, साउथ डकोटात जमीन घेऊन शेती केलेला, ती बुडाल्यावर कादंबऱ्या लिहून दारोदार विकलेला गृहस्थ. त्याच्या कादंबरीवर चित्रपट काढायची एका कंपनीने तयारी दाखवली, तर हा म्हणाला, दिग्दर्शन मी करणार. कॅमेऱ्यामागे कधी उभा राहिला नव्हता! बोलणी फिसकटली. मग याने स्वतःच कंपनी स्थापन केली आणि आयोवातल्या गोऱ्या शेतकऱ्यांना तिचे शेअर विकले. कादंबऱ्या ज्यांच्या दारात विकल्या, त्यांनाच.

असा तयार झाला ‘द होमस्टेडर’. आता तो दाखवायचा कुठे? फेब्रुवारी १९१९मध्ये तो झळकला तो साउथ साइडवरच्या, म्हणजे शहराच्या दक्षिण भागातल्या, आठव्या रेजिमेंटच्या आर्मरीत, म्हणजे सैनिकांच्या कवायतीच्या इमारतीत. ही कृष्णवर्णीय सैनिकांची रेजिमेंट. त्याच महिन्यात ती फ्रान्समधलं युद्ध लढून शहरात परतली होती. इमारत आजही उभी आहे, तिच्यात शाळा भरते. चित्रपट मात्र हरवला. एकही प्रत उरलेली नाही.

त्याच वर्षी जुलैमध्ये, एकोणतिसाव्या रस्त्यासमोरच्या तळ्यात यूजीन विल्यम्स नावाचा सतरा वर्षांचा मुलगा पोहता पोहता गोऱ्यांच्या बाजूला वाहत गेला. काठावरून दगड आले. तो बुडाला आणि शहर पेटलं. ३८ माणसं मेली, २३ कृष्णवर्णीय आणि १५ गोरी. या दंगलीला सहा महिनेही झाले नव्हते, तेव्हा मिशो आपला पुढचा चित्रपट घेऊन सेन्सॉर मंडळापुढे उभा राहिला. ‘विदिन अवर गेट्स’. त्यात जमावाने एका कृष्णवर्णीय कुटुंबाला फासावर लटकवल्याचं दृश्य आहे. मंडळाने आधी नकार दिला, पुन्हा दंगल होईल म्हणून. गोऱ्यांबरोबर काही कृष्णवर्णीय पुढाऱ्यांनाही तो दाखवला जाऊ नये असं वाटत होतं, आणि मला त्यांना भित्रे म्हणवत नाही. त्यांनी जुलैचे ते दिवस जवळून पाहिले होते. पण बाकीच्यांनी आग्रह धरला, आणि जानेवारी १९२०मध्ये स्टेट स्ट्रीटवरच्या व्हेंडोम चित्रपटगृहात तो लागला.

व्हेंडोमचा स्वतःचा वाद्यवृंद होता. पुढे काही काळ लुई आर्मस्ट्राँग तिथे मूकपटांच्या वेळी ट्रंपेट वाजवायचा. आज तिथे जाल तर काही दिसणार नाही, थिएटर १९४०च्या दशकात पाडलं. त्या परिसराचा बराच भाग इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने व्यापला आहे. या सभागृहात त्या संस्थेतून पदवी घेतलेले किती इंजिनीअर आहेत हे हात वर करायला सांगून मी विचारणार नाही. पण अभ्यासाच्या धांदलीत ज्या फुटपाथवरून तुम्ही धावत होतात, तो अमेरिकी सिनेमाच्या इतिहासाचा फुटपाथ आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

मिशोने चाळीसच्या वर चित्रपट काढले. गाडीत रिळं घालून गावोगावच्या थिएटरमालकांना गाठायचं, पुढच्या चित्रपटातल्या नटनट्यांचे फोटो दाखवायचे आणि आगाऊ रक्कम घेऊन चित्रीकरण सुरू करायचं, ही त्याची रीत. आपल्या तंबू थिएटरवाल्यांना हे नवं वाटणार नाही.

सत्तरच्या दशकातही दार तेवढंच जड होतं. शिकागोकर सॅम ग्रीनलीच्या कादंबरीवर आयव्हन डिक्सनने १९७३मध्ये ‘द स्पूक हू सॅट बाय द डोअर’ काढला. गुप्तहेर खात्यात शिकलेली युद्धविद्या एक कृष्णवर्णीय माणूस शिकागोच्या पोरांना शिकवतो, अशी गोष्ट. शहराने चित्रीकरणाला साथ दिली नाही, म्हणून बरंचसं काम शेजारच्या गॅरी शहरात उरकलं. तिथे महापौर कृष्णवर्णीय होता. चित्रपट लागला आणि काही आठवड्यांत थिएटरांतून नाहीसा झाला. कित्येक वर्षं लोक त्याच्या फिकट, चोरट्या कॉपी बघत राहिले.

चार्ल्स बर्नेटच्या ‘किलर ऑफ शीप’ची अडचण निराळी. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात शिकताना शनिवार-रविवारी चित्रीकरण करून त्याने हा चित्रपट दहा हजार डॉलरच्या आत बसवला. त्यातल्या गाण्यांचे हक्क घेतलेले नव्हते. त्यामुळे १९७८चा हा चित्रपट रीतसर थिएटरांत यायला २००७ उजाडलं, आणि हक्कांसाठी चित्रपटाच्या खर्चाच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागले. हायले गेरिमा इथिओपियाहून आधी आपल्याच शहरात नाटक शिकायला आला होता. त्याच्या ‘सँकोफा’ला १९९३मध्ये वितरक मिळाला नाही, तेव्हा त्याने शहराशहरांत थिएटरं भाड्याने घेतली. प्रत्येक ठिकाणी स्थानिक लोकांनी समित्या केल्या, तिकिटं विकली. म्हणजे माझ्यासारखेच खुर्च्यावाले! माझ्या पदाला त्यामुळे जरा वजन आल्यासारखं वाटतं.

शिकागोत हे काम १९८२पासून फ्लॉइड वेब यांच्या ‘ब्लॅकलाइट’ महोत्सवाने केलं, आणि १९९०च्या दशकापासून जीन सिस्केल फिल्म सेंटरचा ‘ब्लॅक हार्व्हेस्ट’ महोत्सव करतो आहे. हे सेंटरही स्टेट स्ट्रीटवरच आहे, व्हेंडोमच्या जागेपासून उत्तरेला तीनेक मैलांवर. शिकागो विद्यापीठाच्या जॅकलिन स्टुअर्ट यांनी साउथ साइडच्या घराघरांतल्या खासगी फिल्म, म्हणजे वाढदिवस, बारशी, सहली, गोळा करून जपायला घेतल्या आहेत. मला स्वतःला तो संग्रह अनेक गाजलेल्या चित्रपटांहून मोलाचा वाटतो.

आता थोडं आपल्याबद्दल. जोतीराव फुल्यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना. अशा व्यासपीठावर त्या अर्पणपत्रिकेचा उल्लेख होतोच, टाळ्या पडतात आणि आपण नेपरव्हिल, शॉमबर्गसारख्या उपनगरांत घरी जातो. त्या मुक्त झालेल्या माणसांची नातवंडं-पतवंडं अर्ध्या तासाच्या अंतरावर चित्रपट काढत आहेत आणि आपल्यातले बहुतेकजण साउथ साइड गाडीच्या काचा वर करून ओलांडतात. हे स्वागताध्यक्षाच्या तोंडी शोभत नसेल, पण पाहुण्यांसमोर घर आवरून ठेवण्याचं काम माझं असलं तरी अडगळीच्या खोलीला कुलूप घालणं मला जमत नाही.

म्हणून दोन गोष्टी. या महोत्सवाच्या तिकिटांची रक्कम पूर्णपणे दिग्दर्शकांना जाणार आहे, तेव्हा फुकट पासासाठी मला फोन करू नयेत. जवळच्या नातेवाइकांनी तर मुळीच नाही. आणि उद्या सकाळी आर्मरीची इमारत आणि तिच्या भोवतालचं ब्रॉन्झव्हिल बघायला बस निघणार आहे. नावं बाहेरच्या टेबलावर द्यावीत.

उद्घाटनाचा चित्रपट अर्थातच ‘विदिन अवर गेट्स’. अमेरिकेत याची एकही प्रत उरली नव्हती. स्पेनच्या चित्रपट संग्रहालयात ‘ला नेग्रा’ या नावाने एक सापडली. मूकपटातल्या मजकुराच्या मूळ पाट्या जवळजवळ सगळ्या गेलेल्या, म्हणून स्पॅनिशवरून पुन्हा इंग्रजी कराव्या लागल्या, आणि १९९३मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने तो दुरुस्त करून उभा केला. एक तुकडा मिळालाच नाही. तिथे पडद्यावर नुसता मजकूर येईल, तो प्रोजेक्टरचा बिघाड समजू नये. चित्रपट सव्वा तासाच्या थोडा वर आहे. त्यानंतर आमच्या पाहुण्या दिग्दर्शकांशी गप्पा आहेत आणि जेवण गप्पांनंतर आहे. स्वयंपाकघराला तशी सक्त सूचना दिलेली आहे, तेव्हा मधेच उठून कोणी चौकशीला जाऊ नये.

उद्घाटकांनी आता दिवे मालवण्याची परवानगी द्यावी.