पान लावण्याची विद्या
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मी बोलावे असा आपण आग्रह धरलात, त्याबद्दल आभारी आहे. मी कोणी विदुषी नव्हे. यंदाच्या स्मरणिकेची पाने घरच्या संगणकावर मी लावली, एवढाच माझा अधिकार. ही विद्या कशी असते आणि आपण ती का शिकावी, हे थोडक्यात सांगते.

पूर्वी छापखान्यात जुळारी शिशाचे खिळे एकेक करून जुळवीत. जोडाक्षरांमुळे देवनागरीच्या खिळ्यांचे प्रकार फार, म्हणून काम अधिकच किचकट. १९८५ साली हे काम टेबलावर आले. त्या वर्षी अ‍ॅपलचा लेझररायटर प्रिंटर आणि मॅकिंटॉश संगणकासाठी आल्डस कंपनीचे पेजमेकर बाजारात आले. पुढे आपल्याकडेही ठिकठिकाणी 'डीटीपी'च्या पाट्या लागल्या. मी मात्र स्क्रायबस वापरते. त्याला पैसे पडत नाहीत आणि २०२४ साली आलेल्या १.६ आवृत्तीत देवनागरी जोडाक्षरे नीट उमटतात.

पान लावणे म्हणजे ताट वाढणेच होय. चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे, तसे मजकूर, मथळा आणि चित्र यांच्या जागा ठरलेल्या असाव्यात. चहूबाजूंनी समास मोकळा सोडावा. अक्षरांचे माप पॉइंटात असते, बहात्तर पॉइंटांचा एक इंच. आपल्या लिपीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार, म्हणून बारा पॉइंटांच्या अक्षराला ओळीची उंची सतरा-अठरा तरी हवी. नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला जाऊन भिडतो. छायाचित्राला इंचामागे तीनशे ठिपके लागतात, म्हणजे चार इंच रुंदीच्या चित्राला बाराशे. व्हॉट्सॲपवरून साधेपणी धाडलेले चित्र आकसते, म्हणून मी प्रत्येकीकडे मूळ फोटो मागत होते. कोणी रागावल्या असाल तर कारण हे! मधोमध टाचलेल्या पुस्तिकेची पाने चारच्या पटीत असावी लागतात. मजकूर बावीस पानांचा झाला, तरी पुस्तिका चोवीस पानांचीच होते.

हे सारे दोन-तीन महिन्यांत हाताला वळते. पण मला खरे सांगायचे आहे ते निराळेच.

आपल्या जुन्या स्मरणिका बाहेर टंकलिखित करून घेतल्या होत्या. त्यांच्या फाइली आपल्याकडे आहेत, पण उघडल्या की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची खिचडी दिसते. कारण असे, की त्या काळच्या फॉन्टांत संगणकाच्या पोटात रोमन अक्षरांचेच क्रमांक साठवले जात आणि फॉन्ट त्यांवर मराठी रूप चढवी. तो फॉन्ट गेला की रूपही गेले. आता युनिकोडमध्ये मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. 'क' म्हणजे २३२५, मग संगणक कोणताही असो. युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर फॉन्ट बदलला तरी मराठीच राहतो.

त्या जुन्या अंकांत आपल्या पहिल्या सभासदांच्या आठवणी आहेत. त्यांतल्या कित्येकजणी आज हयात नाहीत. कोणी शिवणाच्या पैशातून मुलांच्या फिया कशा भरल्या ते लिहिले आहे, कोणी नळावरच्या भांडणांतून मंडळ कसे उभे राहिले ते. एकेका अंकाची एकच प्रत उरली आहे आणि एकीची दोन पाने वाळवीने खाल्ली आहेत. उरलेले आता वाचवले नाही, तर आपल्या नातींना हे सांगणार कोण?

तेव्हा भगिनींनो, माझी विनंती अशी. प्रत्येकीने चारच पाने घ्यावी आणि युनिकोडमध्ये उतरवावी. टंकलेखन येत नसेल त्यांनी मुद्रिते तपासावी; शुद्धलेखनाची जाण असलेल्या पुष्कळजणी आपल्यांत आहेत. ज्यांच्या घरी जुने अंक असतील त्यांनी ट्रंका धुंडाळाव्या, ती खाल्लेली पाने कोठेतरी सापडतीलच अशी मला आशा आहे. पाने मी लावीन, आणि लावता लावता शिकवीनही. दर शनिवारी दुपारी तीन वाजता मंडळाच्या खोलीत संगणक चालू असेल.

पदर खोचून बसण्याची तयारी असली, म्हणजे एवढे भांडवल पुरे आहे.