गोदामातील श्रम आणि संघटनेचा आधार

(तालुक्याच्या ठिकाणी ग्रामस्थ, पंचायत सचिव व शिक्षक यांच्यासमोर प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गोदामाचा विचार करताना आपण बहुधा त्यातील मालाचाच विचार करतो. धान्य भिजले तर विम्याची विचारपूस होते, उंदरांनी पोती फोडली तर पंचनामा होतो, एक खोके कमी भरले तर रात्रभर मोजणी चालते. परंतु तो माल ज्याच्या पाठीवरून आत गेला आणि बाहेर आला, त्या मनुष्याची नोंद कोणत्या वहीत आहे, असे विचारले की पुष्कळ ठिकाणी उत्तर मिळत नाही. आपल्या गावांतील अनेक तरुण आज वखारींत, औद्योगिक वसाहतींतील साठवणगृहांत आणि घरपोच माल पाठविणाऱ्या कंपन्यांच्या केंद्रांत कामास जातात. म्हणून हा विषय आपल्या दारापर्यंत आलेला आहे.

प्रथम ओझ्याचा हिशेब करू. दहा टनांच्या मालमोटारीत पन्नास किलोची दोनशे पोती बसतात. चौघांच्या टोळीने ती उतरविली तर प्रत्येकाच्या वाट्याला पन्नास पोती, म्हणजे अडीच टन वजन येते, आणि एवढ्यावर दिवस संपत नाही. थप्पी जसजशी उंच होत जाते तसतशी शेवटची पोती फळीवरून चढून वर न्यावी लागतात. पूर्वी तर शंभर किलोचे पोते ही बाजारातील नेहमीची गोष्ट होती. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 साली केलेल्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने हाताने वाहावयाच्या ओझ्याची मर्यादा 55 किलो धरली आहे. पोत्याचे वजन उतरावे म्हणून हमालांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. मान, कंबर आणि गुडघे यांची झीज एका दिवसात दिसत नाही. चाळिशीनंतर ती दिसू लागते, आणि तोवर मुकादम बदललेला असतो.

आता आपल्या शेजारच्या महाराष्ट्रात या लोकांनी काय मिळविले ते थोड्या विस्ताराने सांगतो, कारण त्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. मुंबईच्या बाजारपेठांत डोक्यावर, म्हणजे माथ्यावर, ओझे वाहणारा तो माथाडी. तो सकाळी एका व्यापाऱ्याचा माल उतरवी, दुपारी दुसऱ्याचा, संध्याकाळी तिसऱ्याचा. त्यामुळे त्याचा मालक कोण, हा प्रश्न उभा राही. व्यापारी म्हणे, हा माझा नोकर नव्हे. मुकादम म्हणे, मी केवळ माणसे आणतो. कारखान्यातील कामगाराला लागू होणारे कायदे म्हणूनच त्याला लागू होत नसत. आजारपणाची रजा नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, अपघात झाला तर वर्गणी काढून गावी पोचविणे, एवढाच काय तो आधार. साताऱ्याकडून मुंबईत आलेले अण्णासाहेब पाटील (1933–1982) यांनी या विखुरलेल्या लोकांची संघटना बांधली. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली हमाल पंचायत उभी राहिली. तिने 1974 मध्ये सुरू केलेले ‘कष्टाची भाकर’ हे स्वस्त भोजनाचे केंद्र पुणेकरांच्या चांगले परिचयाचे आहे.

या चळवळींच्या रेट्यामुळे 1969 साली महाराष्ट्र विधिमंडळाने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी स्वतंत्र अधिनियम केला. त्याची युक्ती मोठी समंजस आहे. एक मालक सापडत नसेल तर सर्व व्यापाऱ्यांनी मिळून मालकाची जबाबदारी घ्यावी, आणि ती पार पाडण्यासाठी मालक, कामगार व शासन या तिघांच्या प्रतिनिधींचे मंडळ असावे, अशी ही योजना आहे. व्यापारी व कामगार दोघांचीही मंडळाकडे नोंदणी होते. व्यापारी मजुरी मंडळाकडे भरतो आणि तिच्यावर ठराविक टक्के लेव्ही देतो. मजुरी मंडळाकडून कामगाराला मिळते. लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, उपदान, रजेचा पगार व औषधोपचार यांची तरतूद होते. गोदी कामगारांसाठी 1948 च्या कायद्याखाली अशाच प्रकारची मंडळे स्थापन झाली होती आणि आपल्या मुरगाव बंदरातही तसे मंडळ होते, हे येथील वयस्क मंडळींना आठवत असेल. केरळने 1978 साली हमालांसाठी आपला स्वतंत्र कायदा केला.

संघटनांच्या नावावर जमा असलेले दोषही येथे सांगितले पाहिजेत. ते झाकून ठेवल्याने संघटनेचेच नुकसान होते. काम न करता केवळ उभे राहून मजुरी मागण्याची प्रथा केरळात एवढी बोकाळली की तेथील शासनाला 1 मे 2018 पासून तिच्यावर बंदी घालावी लागली. महाराष्ट्रातही माथाडीच्या नावावर खंडणी मागणाऱ्या टोळ्यांविरुद्ध तक्रारी झाल्या आहेत. माझ्या मते यावरचा उपाय संघटना मोडणे हा नव्हे. सभासदांची खरी यादी, दरवर्षीची निवडणूक आणि जमाखर्च भिंतीवर लावणे, एवढे झाले तरी अशा लोकांना संघटनेत शिरण्यास जागा राहत नाही.

आता नव्या गोदामाकडे वळू. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर राज्याराज्यांत लहान गोदामे ठेवण्याचे कारण कमी झाले आणि भिवंडीसारख्या ठिकाणी प्रचंड साठवणगृहे वाढली. तेथे पोत्याऐवजी खोके आले, आकड्याऐवजी हातात यंत्र आले. हे यंत्र खोक्यावरील पट्ट्या वाचते आणि त्याचबरोबर माणसाचा वेगही मोजते. तासाला किती वस्तू उचलल्या, मध्ये किती मिनिटे हात थांबला, याचा हिशेब ते ठेवते. पत्र्याच्या छपराखाली उन्हाळ्यात उष्णता साठते, चालणे मैलोगणती होते, आणि पाणी पिण्यास गेलेला मनुष्य हिशेबात आळशी ठरतो. 2024 च्या उन्हाळ्यात हरियाणातील मानेसर येथे, एका मोठ्या कंपनीच्या गोदामात सहा मालमोटारी रिकाम्या होईपर्यंत पाण्यासाठी किंवा लघवीसाठीही थांबणार नाही अशी शपथ कामगारांकडून घेतली गेल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले आणि राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने त्याची स्वतःहून दखल घेतली. स्त्री-कामगारांच्या दृष्टीने अशा अटीचा अर्थ काय होतो, हे मी वेगळे सांगावयास नको.

गंमत अशी, किंवा दुर्दैव असे म्हणा, की ‘मालक कोण’ हा माथाडीचा जुना प्रश्न या झगमगीत इमारतीत पुन्हा परत आला आहे. माल एका कंपनीचा, इमारत दुसरीची, व्यवस्थापन तिसरीचे आणि कामगाराचे नाव चौथ्या ठेकेदाराच्या पटावर! वर्षअखेर ठेकेदार बदलतो. मनुष्य तोच, जागा तीच, पण नोकरी नवी. एकट्याने तक्रार केली तर ती कोणी ऐकावयाची हेच ठरत नाही. शंभर जणांनी एकत्र केली तर चौघांनाही एका टेबलाशी बसावे लागते. संघटनेची गरज मला येथे सर्वांत अधिक वाटते. मजुरीचा दर हा त्यानंतरचा प्रश्न.

अमेरिकेतही हाच अनुभव आला. न्यूयॉर्क शहरातील स्टेटन आयलंड येथे अॅमेझॉन कंपनीच्या गोदामातील कामगारांनी संघटनेच्या बाजूने 2,654 व विरुद्ध 2,131 मते दिल्याचे 1 एप्रिल 2022 रोजी जाहीर झाले. परंतु मतदान जिंकले म्हणून करार पदरात पडला असे झाले नाही, आणि 2024 मध्ये ती संघटना ‘टीमस्टर्स’ या जुन्या महासंघाशी जोडली गेली. संघटना करणे आणि ती टिकवून वाटाघाटीपर्यंत नेणे ही दोन कामे आहेत, आणि दुसरे अधिक कष्टाचे आहे.

शासकीय अधिकाऱ्याने हे सर्व बोलावे काय, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. संघटना स्थापन करण्याचा हक्क भारतीय संविधानाच्या 19व्या अनुच्छेदाने नागरिकांना दिलेला आहे, आणि हक्काची माहिती देणे हे माहिती देणाऱ्या खात्याचे कामच आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांतून मुंबईच्या गिरणी कामगारांना 1890 साली रविवारची सुट्टी मिळाली. ती सुट्टी आज आपण सारेच उपभोगतो. कचेरीतील मंडळी तर तिची वाटच पाहत असतात.

कायद्याची सद्यःस्थिती थोडक्यात सांगतो. 1926 च्या कामगार संघटना अधिनियमाची जागा आता औद्योगिक संबंध संहिता, 2020 हिने घेतली असून ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अंमलात आली आहे. किमान सात सभासदांना नोंदणीसाठी अर्ज करता येतो. मात्र आस्थापनेतील दहा टक्के किंवा शंभर कामगार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे, सभासद असले पाहिजेत. अनेक संघटना असतील तेथे पटावरील 51 टक्के कामगारांचा पाठिंबा असणारी संघटना वाटाघाटीचा अधिकार मिळविते. म्हणून चार पुढाऱ्यांच्या चार संघटना काढण्याची हौस गोदामात परवडणारी नाही. त्याच दिवशी लागू झालेल्या सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेने नियुक्तिपत्र देणे बंधनकारक केले आहे, आणि जादा कामाला दुप्पट दराने मजुरी दिली पाहिजे.

येथे शिक्षकांना माझी एक विनंती आहे. शिकलेला मुलगाही पगाराची चिठ्ठी वाचत नाही. हातात पैसे पडले की ती टाकून देतो. तुमचे माजी विद्यार्थी सणाला गावी येतात तेव्हा त्यांच्याकडे नियुक्तिपत्र आहे काय, त्यावर कोणाचे नाव आहे, निर्वाह निधीचा बारा आकडी क्रमांक एकच चालू आहे की ठेकेदार बदलला तेव्हा नवा काढला, एवढे विचारून पाहा. क्रमांक दोन असतील तर पूर्वीची जमा रक्कम जोडून घेता येते. पंचायत सचिवांनी गावातून गोदामांत जाणाऱ्यांची यादी केली, तर एकाच ठेकेदाराकडे आपल्याच वाड्यावरचे वीस जण आहेत आणि ते एकमेकांना ओळखतच नाहीत, असेही आढळून येईल.

ज्यांच्याजवळ कोणताच कागद नाही त्यांनी आजपासून एक साधी वही ठेवावी: तारीख, येण्याजाण्याची वेळ, कोणत्या मालमोटारी उतरविल्या, सोबत कोण होते आणि पैसे कोणाच्या हातून मिळाले. कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार घेऊन आलेल्या मनुष्याला प्रथम हेच विचारले जाते. येताना एकट्याने येऊ नये. त्या वहीत ज्यांची नावे आहेत त्यांनाही बरोबर आणावे.